अर्धी टिक

ऐली केटुनेनच्या गाडीत हीटर एकाच बाजूला चालतो.
त्या बाजूला ती थर्मामीटरची पेटी ठेवते.
आणि मी, काउंटीने चार महिन्यांसाठी घेतलेला प्रोग्रामर,
दुसऱ्या बाजूला, मांडीवर लॅपटॉप, बोटं बधिर.

डावीकडे सुपीरियर सरोवर, बर्फाखाली गप्प.
सकाळपासून तीन स्वयंपाकघरं, एक विहीर,
एक मोटेल, जिथला पोहण्याचा तलाव
दोन उन्हाळे कोरडा आहे
पण परवान्यात अजून भरलेला.

जुनी प्रणाली विकणारी कंपनी बुडाली.
जाताना किल्ली घेऊन गेली.
एकोणीस वर्षांच्या तपासण्या आत, काउंटी दाराबाहेर.
म्हणून या वेळी ठरलं, कोड उघडा ठेवायचा:
ज्याला हवा त्याने न्यावा,
ज्याला दिसेल त्याने चूक दाखवावी.
ऐली म्हणाली, "म्हणजे गावच्या विहिरीसारखं.
पाणी तपासणार कोण?"
मी हसलो. ती हसली नव्हती.

तिच्या कागदांवर हिरव्या पेन्सिलीच्या खुणा.
टिक म्हणजे ठीक. फुली म्हणजे बंद.
आणि मधूनच एखादी आखूड तिरकी रेघ,
टिक व्हायला निघालेली, वाटेत थांबलेली.
"ही काय?"
"अर्धी टिक."
मी समजावलं, रकाना खरं घेतो किंवा खोटं,
मधलं काही घेत नाही.
"मग तुझ्या रकान्याला म्हणावं,
एकदा ब्यूशांच्या दुकानात येऊन जा."

ओर्व्हिल ब्यूशां मेपलच्या धुरावर मासे लावतो.
त्याचा फ्रीज पंचेचाळीस दाखवत होता, हवा एक्केचाळीस.
बायकोला जाऊन बारा दिवस झालेले.
फ्रीजचं ती बघायची.
ऐलीने निम्मे मासे फेकायला लावले,
उरलेल्यांसाठी गाडीतल्या पेटीतला बर्फ काढला.
(बाहेर कंबरभर बर्फ पडलेला.
तो चालत नाही. नियम.)
मग हिरवी रेघ, अर्धीच.
"गुरुवारी येते, ओर्व्हिल."

परतताना मी म्हणालो, हा तर कानाडोळा झाला.
लाकडाच्या गिरणीपर्यंत ती बोलली नाही.
मग म्हणाली, अठ्ठ्याण्णव साली
चर्चच्या जेवणाआधी अशीच एक रेघ मारली होती.
गुरुवारी जायचं होतं.
वादळ होतं, पोराला ताप होता, सोमवारी गेले.
तोवर अकरा जण दवाखान्यात.
दहा घरी आले.

वायपर उगाच फिरत राहिला, काच कोरडी होती.

"कानाडोळ्याला तारीख नसते," ती म्हणाली.
"माझ्या रेघेलाही तेव्हा नव्हती."

त्या रात्री मी रकाना फोडला.
खरं, खोटं, आणि तिसरं.
तिसरं तारखेशिवाय जतन होत नाही,
येणाऱ्याच्या नावाशिवाय होत नाही,
आणि तारीख टळली की लाल होतं,
ऐलीच्या पडद्यावर, तिच्या साहेबाच्या,
आणि मासे घ्यायला निघालेल्या कुणाच्याही.

सकाळी किसुमूहून एक टिपण आलेलं,
निकोडेमस ओवुओर, तोही तपासनीस, कधी न पाहिलेला:
आमच्या बाजारातल्या स्वयंपाकघरांना भिंती नाहीत,
तुमचा फॉर्म भिंतीचा रंग विचारल्याशिवाय हलत नाही,
तेवढं दुरुस्त करून खाली जोडलंय.
अर्धी टिक मात्र आम्ही घेतो.
इथे तिला नाव नव्हतं, नुसती सवय होती.

गुरुवारी ब्यूशांचा फ्रीज अडतीसवर.
ऐलीने हातमोजा दातांनी ओढून बटण दाबलं,
एकदा, दोनदा, शेजारचंच लागलं,
मग चक्र फिरत बसलं. सिग्नल नव्हता.
तिने पेन्सिल काढली
आणि कागदावरची रेघ खाली वळवून पूर्ण केली.

टेकडीवर यंत्राला जाग आली.
तोवर ती थर्मासचं झाकण उघडत होती.
मी चुकांच्या यादीत लिहिलं:
बटण मोठं हवं.
इथे बोटं गारठलेली असतात.